सोशल इक्विटी गांजा परवाना : दुकानासाठी पैसा कोणत्या क्रमाने उभा करायचा

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत सोशल इक्विटी वर्गातून (गांजाबंदीची झळ बसलेल्या आणि वंचित गटांसाठी राखलेल्या) गांजा विक्रीचा परवाना मिळवलेल्यांपैकी बरेच जण एकाच जागी अडकतात. कागद हातात असतो, पण दुकान उघडायला पैसा नसतो. मग घाईघाईत जो पैसा मिळतो त्याच्या अटी अशा असतात की मालकीच निसटते. बँका सहज कर्ज देत नाहीत आणि संघीय सरकारच्या एसबीएची (लघुउद्योग प्रशासनाची) कर्जं या धंद्याला मिळत नाहीत. धंदा बुडाला तर संघीय दिवाळखोरी कायद्याचा आसराही नाही. इतक्या अडचणींत पायऱ्यांचा क्रम चुकला, तर पुढे तो सुधारता येत नाही.

सर्वाधिक दिसणारी चूक म्हणजे आधी जागा भाड्याने घेणं, मग गुंतवणूकदार शोधणं आणि सगळ्यात शेवटी नियामकाला, म्हणजे परवाना देणाऱ्या राज्य यंत्रणेला, विचारणं. हा क्रम उलटा आहे. खालचे टप्पे न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत, कारण प्रश्न विचारणारे बहुतेक मराठी वाचक तिथलेच आहेत. नियम राज्यागणिक बदलतात. इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स किंवा कॅलिफोर्नियात असाल तर क्रम हाच ठेवा, आकडे मात्र तिथल्या नियमावलीतून घ्या.

टप्पा १ : पैशाआधी माणसं तपासा

मालक, गुंतवणूकदार, कर्ज देणारा नातेवाईक, या प्रत्येकाचा इमिग्रेशन दर्जा कागदावर लिहून काढा. राज्यात धंदा कायदेशीर असला तरी इमिग्रेशन संघीय कायद्याने चालतं. यूएससीआयएसने (संघीय इमिग्रेशन खात्याने) एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलं की राज्याने परवानगी दिलेल्या गांजा उद्योगात काम केलं, तरी नागरिकत्वासाठी लागणारं 'चांगलं चारित्र्य' नाकारलं जाऊ शकतं. त्यामुळे ग्रीन कार्डवाल्याने भागीदार होणं धोक्याचं आहे. एच-वन-बीवर असलेल्याने तर या वाटेला जाऊच नये.

जोडीदाराचा मुद्दा बऱ्याच घरांत सुटतो. अमली पदार्थांच्या व्यापाराचं इमिग्रेशन कलम पती-पत्नी आणि मुलांनाही लागू शकतं. गेल्या पाच वर्षांत त्यांना त्या पैशाचा फायदा झाला असेल आणि तो कुठून आला हे त्यांना माहीत असेल, तर तेही अडचणीत येतात. नवरा नागरिक आणि बायकोचं ग्रीन कार्ड प्रलंबित, अशा घराने आधी इमिग्रेशन वकिलाचं लेखी मत घ्यावं.

भारतातून पैसा आणण्याचा विचार सोडून द्या. परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या भारतीय नियमांनुसार व्यवसाय भारतात आणि त्या देशात, दोन्हीकडे कायद्याने मान्य असावा लागतो. हा धंदा त्यात बसत नाही. आईवडिलांनी 'भेट' म्हणून पाठवलेली रक्कम दुकानात वळवली, तर इथला नियामक पैशाचा उगम विचारतो. तिथे खोटं लिहिलं की परवाना जातो.

दुसरी तपासणी खऱ्या मालकीची. न्यूयॉर्कच्या सामाजिक-आर्थिक समता वर्गात अल्पसंख्याकांच्या आणि महिलांच्या मालकीचे व्यवसायही येतात, म्हणून भारतीय वंशाच्या कुटुंबांना ही वाट खुली दिसते. अट किमान ५१ टक्के मालकीची आणि प्रत्यक्ष नियंत्रणाची आहे. कागदावर बायकोचं नाव आणि सगळे निर्णय नवऱ्याचे, ही मांडणी तपासणीत टिकत नाही. बँक खात्यावर सही कोणाची, मॅनेजर कोण नेमतो, पुरवठादाराशी कोण बोलतो, हे बघितलं जातं. न्यू जर्सीत सशर्त परवान्यासाठी मालकांच्या उत्पन्नावर मर्यादा आहे : एकट्याने रिटर्न भरणाऱ्याला २,००,००० डॉलर, संयुक्त रिटर्नला ४,००,००० डॉलर. दोघं आयटीत असलेली जोडपी बहुधा इथेच अडतात.

तपासा : प्रत्येक मालकाचं नाव, टक्का, इमिग्रेशन दर्जा, पैशाचा उगम आणि त्याचा पुरावा एका पानावर आला का? एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : खरा खर्च काढा, २८०ई हे करकलम धरून

लोक बांधकामाचा खर्च काढतात आणि थांबतात. सगळ्यात महाग असते ती वाट पाहण्याची मुदत. एका लहान दुकानाचा नमुना हिशोब असा :

- उघडण्यापूर्वीचं भाडं, महिना ११,००० प्रमाणे १४ महिने : १,५४,००० डॉलर
- १,८०० चौरस फुटांचं काम, चौरस फुटाला १५० प्रमाणे : २,७०,००० डॉलर
- कॅमेरे, तिजोरीची खोली, प्रवेश-नियंत्रण : ६०,००० डॉलर
- पहिला माल : १,५०,००० डॉलर
- वकील, आर्किटेक्ट, शुल्कं : ७०,००० डॉलर
- चार महिन्यांचे पगार, महिना ४५,००० प्रमाणे : १,८०,००० डॉलर

बेरीज ८,८४,०००. त्यावर १५ टक्के राखीव धरले की १०,१६,६०० डॉलर होतात. आकडे तुमच्या गावचे टाका, पण एकही ओळ गाळू नका. राखीव रकमेला 'नंतर बघू' म्हणणारे लोकच सहा महिन्यांनी महागडं कर्ज घेतात.

आता कर. आयकर कायद्याचं कलम २८०ई १९८२ पासून आहे. पहिल्या आणि दुसऱ्या शेड्यूलमधल्या (अमली पदार्थांच्या संघीय यादीतल्या वर्गांमधल्या) पदार्थांचा व्यापार करणाऱ्याला ते मालाच्या खरेदी-किमतीखेरीज जवळपास कुठलाच खर्च वजा करू देत नाही. समजा विक्री २० लाख डॉलर, माल १२ लाखांचा, भाडं-पगार वगैरे ७ लाख. हातात नफा १ लाख. पण कर लागतो ८ लाखांवर. सी कॉर्पोरेशन (स्वतःचा कर स्वतः भरणारी कंपनी) असेल तर २१ टक्क्यांनी १,६८,००० डॉलर. म्हणजे नफ्यापेक्षा कर ६८,००० ने जास्त.

कर्जावरचं व्याजही याच कलमामुळे वजा होत नाही, हे फार थोडे जण लक्षात घेतात. इतर धंद्यांत १३ टक्के व्याजाचा भार कर-सवलतीने हलका होतो. इथे १३ म्हणजे पूर्ण १३.

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीने आपापल्या राज्य-करापुरती ही अट काढली आहे, पण संघीय कर वेगळाच राहतो. गांजा तिसऱ्या शेड्यूलमध्ये नेण्याचा प्रस्ताव न्याय खात्याने मे २०२४ मध्ये मांडला. ज्या वर्षाचं रिटर्न भरायचं त्या वर्षाला नेमकं काय लागू आहे, हे सीपीएकडून (परवानाधारक हिशोबनीसाकडून) लेखी घ्या. गुंतवणूकदाराला दाखवायचा अंदाज मात्र २८०ई लागू आहे असं धरूनच बनवा. सवलत मिळालीच तर ती वरची कमाई समजा.

सावधान : सीपीए निवडताना मालाच्या किमतीत कोणते खर्च बसवता येतात हे त्याने गांजा व्यवसायासाठी आधी केलं आहे का, ते विचारा. किराणा दुकानाची वही सांभाळणारा माणूस इथे पुरत नाही.

टप्पा ३ : फुकटचा आणि स्वस्त पैसा आधी

अनुदानं, शुल्कमाफी आणि राज्याची कर्जं यांचा शोध खासगी पैशाच्या आधी घ्या, कारण काही योजनांत खासगी करार झाल्यावर पात्रताच बदलते. न्यू जर्सीत एनजेईडीएने (राज्याच्या आर्थिक विकास संस्थेने) सीड इक्विटी ग्रांटमध्ये १,५०,००० डॉलर आणि जॉइंट व्हेंचर्स ग्रांटमध्ये २,५०,००० डॉलर दिले आहेत. न्यूयॉर्कमध्ये या वर्गाला अर्जाचं आणि परवान्याचं शुल्क निम्मं आहे. इलिनॉयमध्ये डीसीईओ या राज्याच्या वाणिज्य खात्याने कर्जं आणि माफ होऊ शकणारी कर्जं दिली आहेत. कॅलिफोर्नियात राज्याचा पैसा शहरांमार्फत येतो, म्हणून तिथे आपल्या शहराच्या इक्विटी कार्यालयात आधी चौकशी करावी. योजना ठरावीक खिडकीत उघडतात आणि बंद होतात. नियामकाच्या ईमेल यादीत नाव घाला आणि कागद आधीच तयार ठेवा.

दोन गोष्टींत लोक फसतात. पहिली, काही अनुदानं परतफेड पद्धतीची असतात. आधी खर्च करायचा, मग पावत्या दाखवून पैसे मिळवायचे. त्या मधल्या काळासाठी रोख वेगळी लागते. दुसरी, सरकारी कर्ज म्हणजे सोपं कर्ज, हा समज. न्यूयॉर्कच्या सोशल इक्विटी इन्व्हेस्टमेंट फंडाची कल्पना २० कोटी डॉलरची होती आणि २०२३ मध्ये त्यात शिकागो अटलांटिक या खासगी संस्थेचा पैसा आला. ज्या परवानाधारकांना तयार दुकान मिळालं त्यांच्या बांधकामाचा खर्च कर्ज म्हणून त्यांच्याच नावावर चढला, आणि त्या खर्चावर आपला ताबा नव्हता अशा त्यांच्या तक्रारी जाहीरपणे पुढे आल्या.

तपासा : कर्ज कोणाकडूनही असो, बांधकामाच्या प्रत्येक बदलाला तुमची सही लागते का? कमाल रक्कम लिहिलेली आहे का? पहिला हप्ता दुकान उघडल्यानंतर सुरू होतो की सही झाल्या दिवसापासून?

टप्पा ४ : बँक खातं, गुंतवणूकदाराच्या चेकआधी

फिनसेनच्या (संघीय अर्थखात्याच्या आर्थिक गुन्हेविरोधी विभागाच्या) फेब्रुवारी २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बँक गांजा व्यवसायाचं खातं ठेवू शकते, पण त्यासाठी तिला विशेष अहवाल भरत राहावे लागतात. म्हणून थोड्या बँका आणि क्रेडिट युनियनच हे काम करतात आणि त्याचं मासिक शुल्क घेतात. परवान्याची प्रत, ऑपरेटिंग ॲग्रीमेंट (कंपनी कशी चालेल याचा मालकांमधला करार), मालकीचा तक्ता, मालकांची कर-विवरणं, रोख हाताळण्याची लेखी पद्धत आणि पैशाच्या उगमाचे पुरावे तयार ठेवा.

'कन्सल्टिंग' किंवा 'वेलनेस' नावाची दुसरी एलएलसी काढून नेहमीच्या बँकेत खातं उघडायचा सल्ला मिळेल. तो ऐकू नका. बँकेपासून धंदा लपवणं हा गुन्हा ठरू शकतो, आणि खातं नेमकं बांधकामाच्या मध्यावर बंद होतं. १०,००० डॉलरच्या वर रोख मिळाली तर फॉर्म ८३०० (मोठी रोख मिळाल्याचं सरकारला कळवणारा) पंधरा दिवसांत भरायचा असतो. तो टाळण्यासाठी रक्कम तोडून घेणं हाही स्वतंत्र गुन्हा आहे.

टप्पा ५ : गुंतवणुकीचा करार

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. सोशल इक्विटी परवानाधारकांचं सर्वाधिक नुकसान इथेच झालं आहे. गरजू परवानाधारकाकडून सही घेऊन त्याला नावापुरता उरवायचा, हे प्रकार कॅलिफोर्निया, इलिनॉय आणि न्यूयॉर्क, सगळीकडे घडले आहेत. हे प्रकार संतापजनक आहेत आणि वेळीच करार वाचून बरेच टाळता येतात.

आधी समोरचा माणूस चालतो का ते बघा. न्यूयॉर्कमध्ये किरकोळ विक्री आणि पुरवठा या दोन बाजू वेगळ्या ठेवल्या आहेत. लागवड किंवा प्रक्रियेच्या परवान्यात ज्याचं हितसंबंध आहे तो तुमच्या दुकानात भागीदार होऊ शकत नाही. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न घेणारा सेवा-करारही 'खरा हितसंबंधी पक्ष' म्हणून मोजला जातो. म्हणून मसुदा सहीआधी नियामकाच्या नियमांशी ताडून पाहा. न्यू जर्सीत कर्ज देणाऱ्या 'फायनान्शियल सोर्स'ची आणि व्यवस्थापन कराराची माहिती तिथल्या नियामक आयोगाला द्यावी लागते.

मग ही कलमं शोधा :

*व्यवस्थापन शुल्क.* विक्रीच्या टक्केवारीत मागितलं तर तिथेच थांबा. वरच्याच उदाहरणात २० लाखांच्या विक्रीवर १२ टक्के म्हणजे २,४०,००० डॉलर. दुकानाचा सगळा नफा १ लाख होता, आणि हे शुल्क बहुधा करातून वजाही होणार नाही. टक्का लागतोच असेल तर तो कर भरून उरलेल्या रोखीवर ठेवा आणि वरची मर्यादा लिहा.

*एक डॉलरचा खरेदी-हक्क.* कायदा बदलला किंवा मुदत संपली की नाममात्र किमतीला तुमचा हिस्सा विकत घेण्याचा हक्क. हे कलम असलेल्या करारावर सही करू नका. न्यूयॉर्कमध्ये या वर्गाचा परवाना पहिली तीन वर्षं पात्र व्यक्तीखेरीज कोणाला देताच येत नाही, त्यामुळे असा हक्क परवान्यालाच धोक्यात आणतो.

*नकाराधिकार.* मालकी ५१ टक्के तुमची, पण अंदाजपत्रक, नेमणुका, पुरवठादार आणि बँक-सही यांना गुंतवणूकदाराची संमती लागते. नियामकाच्या नजरेत नियंत्रण त्याचंच. नकाराधिकार फक्त कंपनी विकणं, नवं मोठं कर्ज काढणं, हिस्सा पातळ करणं इतक्यापुरता ठेवा.

*कसूर कशी ठरते.* 'बारा महिन्यांत दुकान न उघडल्यास कसूर' असं वाक्य बऱ्याच मसुद्यांत असतं. उशीर बहुधा तपासणीचा किंवा नगरपालिकेचा असतो. 'सरकारी मंजुरीतील विलंबाइतकी मुदत आपोआप वाढेल' ही ओळ घालून घ्या.

*वैयक्तिक हमी.* संघीय दिवाळखोरीचं संरक्षण धंद्याला नाही, त्यामुळे वसुली थेट घरापर्यंत येते. हमीला रकमेची आणि काळाची मर्यादा घाला. जोडीदाराची सही देऊ नका.

*आगाऊ रोख देणाऱ्या कंपन्या.* १.३५ चा 'फॅक्टर' (घेतलेल्या रकमेच्या किती पट परत करायचं तो आकडा) म्हणजे ३५ टक्के व्याज नव्हे. १ लाख घेऊन नऊ समान मासिक हप्त्यांत १,३५,००० फेडले, तर वार्षिक दर ७५ टक्क्यांच्या वर जातो, कारण मुद्दल दर हप्त्याला कमी होत असतं. रोजच्या रोज खात्यातून कापून घेणाऱ्या या करारांपासून लांब राहा.

ओळखीच्यांकडून भाग-भांडवल घेणार असाल तर तो सिक्युरिटीजचा (गुंतवणूक-रोख्यांचा) व्यवहार ठरतो. सहसा रेग्युलेशन डीच्या (रोख्यांच्या नोंदणीतून सवलत देणाऱ्या संघीय नियमांच्या) ५०६-बी नियमाखाली तो बसवतात. त्यात जाहीर आवाहन चालत नाही. महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'दुकान काढतोय, कोणाला यायचंय?' असा निरोप टाकला तर ही सवलत जाऊ शकते. आधीपासून ओळख असलेल्यांशी एकेकटं बोला, प्रत्येकाची पात्रता लेखी नोंदवा आणि पहिल्या विक्रीपासून पंधरा दिवसांत फॉर्म डी (ही सवलत घेतल्याची सूचना) भरा. टप्पा १ मधली इमिग्रेशनची तपासणी इथे प्रत्येक गुंतवणूकदाराला पुन्हा लागू होते. उत्साहाने पन्नास हजार देणाऱ्या मित्राचं ग्रीन कार्ड असेल, तर त्याला धोका आधी सांगणं तुमची जबाबदारी आहे.

तपासा : तुमचा वकील गुंतवणूकदाराने सुचवलेला किंवा त्याच्या पैशाने नेमलेला तर नाही ना? असेल तर बदला. शिवाय करार शेवटपर्यंत वाचून एका कागदावर उत्तर लिहा : दुकान एक वर्ष तोट्यात गेलं तर माझ्याकडे नेमकं काय उरतं?

टप्पा ६ : जागा

आता जागा. सुरुवातीला पूर्ण भाडेकरार करू नका. थोडी रक्कम देऊन जागा राखून ठेवणारा ऑप्शन करार करा. तो शक्य नसेल तर भाडं परवाना मंजूर झाल्यापासून सुरू होईल आणि मंजुरी नाकारली तर करार आपोआप रद्द होईल, ही दोन कलमं घ्या.

अंतर स्वतः मोजून घ्या, परवानाधारक सर्व्हेअरकडून. न्यूयॉर्कमध्ये शाळेपासून ५०० फूट आणि प्रार्थनास्थळापासून २०० फुटांची अट आहे. जुलै २०२५ मध्ये तिथल्या नियामकाने सांगितलं की शाळेचं अंतर दारापासून मोजलं गेलं होतं, कायद्याप्रमाणे ते आवाराच्या हद्दीपासून मोजायला हवं होतं. सुमारे दीडशे दुकानं आणि अर्जदार त्यात सापडले. सरकारने मंजूर केलेली जागाही पुढे अडचणीत येऊ शकते. म्हणून ५०० च्या जागी ५१० फुटांवर समाधान मानू नका.

घरमालकाच्या कर्जाचे कागद मागा. त्याच्या बँकेच्या करारात गांजाला भाड्याने देण्यास मनाई असेल, किंवा इमारतीवर एसबीएचं कर्ज असेल, तर तुमचा भाडेकरार त्याचं कर्ज धोक्यात आणतो आणि शेवटी तुम्हालाच बाहेर पडावं लागतं. बँकेची लेखी संमती नसेल तर दुसरी जागा बघा. न्यू जर्सीत नगरपालिकेने हा धंदा मान्य केला आहे का आणि पाठिंब्याचा ठराव मिळेल का, हे अनामत देण्यापूर्वी बघा.

टप्पा ७ : पैसा टप्प्याटप्प्याने उचला

पूर्ण कर्ज एकदम घेतलं तर व्याज पहिल्या दिवसापासून चालू होतं. ५ लाखांवर १८ टक्क्यांनी महिन्याला ७,५०० डॉलर. त्यात ११,००० भाडं मिळवलं की प्रत्येक महिन्याचा उशीर १८,५०० चा. रक्कम एस्क्रोत (तिऱ्हाइताच्या ताब्यातल्या खात्यात) ठेवा आणि चार हप्त्यांत सोडा : बांधकाम परवाना मिळाल्यावर, भिंती-वीज-प्लंबिंग पूर्ण झाल्यावर, सुरक्षा यंत्रणा तपासल्यावर, आणि शेवटचा मालासाठी. माल शेवटच्या तपासणीची तारीख मिळाल्याशिवाय मागवू नका.

कंत्राटदाराला प्रत्येक हप्त्यावर लीन-वेव्हर (जागेवरचा दावा सोडल्याचा कागद) द्यायला लावा, नाहीतर त्याचा सब-कंत्राटदार पैसे थकले म्हणून जागेवर दावा लावतो.

टप्पा ८ : उघडल्यानंतर

रोज आलेल्या रोखीतून कराचा वाटा वेगळ्या खात्यात टाका. विक्रीच्या टक्क्याने काढू नका. सी कॉर्पोरेशन असेल तर सकल नफ्याच्या २१ टक्के हा संघीय कराचा हिशोब ठेवा आणि विक्रीकर, गांजाकर वेगळे. तिमाही आगाऊ कर चुकला की दंड आणि व्याज लागतं, आणि ती रक्कम भरायला पुन्हा महाग कर्ज काढावं लागतं.

मालकीत, कर्जात किंवा व्यवस्थापन करारात कोणताही बदल करण्याआधी नियामकाची परवानगी लागते का ते बघा. नवा सावकार आला, जुन्याचं कर्ज हिश्श्यात बदललं, भावाला पाच टक्के दिले, हे सगळे बदलच आहेत. न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांनंतर या वर्गाबाहेरच्या कोणाला परवाना द्यायचा असेल, तर घेतलेली सरकारी कर्जं आधी चुकती करावी लागतात. त्यामुळे विक्रीची किंमत ठरवण्यापूर्वी उरलेल्या कर्जाचं पत्र मागवून घ्या.